बिनवायरचं मशीन

हौसाबाईवर कुणी विश्वास ठेवला तर ती त्या माणसाकडेही संशयाने बघायची. एवढा विश्वास कशापायी, असं तिला वाटायचं.

कळव्याला खारीगावच्या बाजूला, खाडीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत तिची आणि नवऱ्याची दोन खोल्यांची जागा होती. चाळीतल्या बायका तिला संशयी म्हणत आणि तिला ती शिवी वाटत नसे. दूध घेताना ती आधी दुधात बोट बुडवून बघे, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे. भाजीवाल्याने हसून मेथीची जुडी पुढे केली, की ती नेमकी खालची जुडी उपसून काढी. घराला कुलूप लावलं की ओढून बघे, गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि परत येऊन पुन्हा ओढून बघे. विजेवर तर तिचा जुनाच राग होता. बटण चालू असलं की आत करंट वाहत राहतो, नळ उघडा राहावा तसा, मग खाली बादली असो नसो, अशी तिची पक्की समजूत होती. निजायच्या आधी, बाहेर पडायच्या आधी, दुपारी जरा आडवं व्हायच्या आधीही ती घरभर फिरून बटणं बंद करी.

हा स्वभाव तिला उगीच लागला नव्हता. तिचे वडील गोमाजी कल्याणला एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. आई पहाटे उठून त्यांना डबा करून द्यायची. संध्याकाळी तो डबा परत यायचा तो राखेने घासलेला, लख्ख. आई विहिरीवर बायकांना कौतुकाने सांगायची, "आमचा माणूस डबासुद्धा धुऊन आणतो हो." बायका एकमेकींकडे बघायच्या आणि घागरी उचलायच्या.

वडील गेले. तेराव्याच्या दिवशी एक अनोळखी बाई लहान मुलीचा हात धरून दारात येऊन उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातात वडिलांची छत्री होती. "ह्यांची राहिलेली," एवढंच ती म्हणाली. आणखी काही सांगायची गरज पडली नाही. वखारीच्या मागच्या वस्तीत गोमाजीचं दुसरं घर होतं. दुपारी तो तिथे गरम जेवायचा आणि घरून आलेला डबा तिथली पोर खायची. सगळ्या आळीला हे माहीत होतं, एकट्या आईला सोडून. आई रडली नाही. ती आत गेली, फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडून आत बघत राहिली. हौसा तेव्हा परकरात होती. माणूस बाहेर जातो म्हणून घाबरू नये, पण वस्तू पाहिजे त्यापेक्षा स्वच्छ होऊन घरी आली की विचारावं, हे ती त्या दिवशी शिकली. आणि एक गोष्ट तिने मनाशी ठरवून टाकली. आपल्या घरातलं आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळता कामा नये.

लग्न झालं ते जुन्नरकडच्या दौलतशी. बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता. सरळ माणूस. थोरला भाऊ वारल्यावर त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि घरातलं मटण-मासळी बंद झालं. हौसाबाईने खरं तर माळ घातली नव्हती, पण एका घरात दोन चुली कशाला, म्हणून तिनेही सोडलं. तिने त्याला इतकी वर्षं डबा दिला आणि रोज संध्याकाळी झाकण उघडून आत नाक घातलं. डब्याच्या कडांना भाताची शितं वाळून चिकटलेली असत, कधी आमटीचा पिवळा ओघळ पिशवीलाही लागलेला असे. ती खरवडून काढताना तिला बरं वाटे.

मग कंपनीला कुलूप लागलं. दौलत घरी बसला. पेपर वाचून झाला की तो कंगव्याचे दात साफ करी, घड्याळाला किल्ली देई, दारात उभा राहून लोकांना वेळ सांगे. हौसाबाईच्या पायात येई. "जरा बाहेर जा की," ती म्हणे, आणि तो बाहेर गेला की कुठे गेला म्हणून खिडकीतून बघे.

त्याच दिवाळीला, म्हणजे त्र्याण्णव साली, त्यांची मुलगी मालू डोंबिवलीहून नवऱ्यासह आली. जावई रतन मस्कतला होता, सुट्टीवर आलेला. सासूला अत्तर, आणि सासऱ्याला एक लहानसा खोका. "मामा, हे तुमच्यासाठी. घरी बसून कंटाळता असं मालू सांगत होती."

खोक्यात हिरवट रंगाचं, वीतभर लांबीचं मशीन निघालं. मुठीत बसेल असं. बटण दाबलं की तोंडाशी बसवलेला स्क्रू ड्रायव्हर आपोआप फिरायचा, दुसऱ्या बाजूला दाबलं की उलटा. बरोबर बदलायची चार-पाच तोंडं, आणि एक बैठक, जिच्यावर मशीन उभं करून ठेवायचं आणि वायर भिंतीतल्या प्लगात घालायची.

"वायर बैठकीला. मशीनला वायर नाही," रतनने समजावलं. "आत बॅटरी आहे. रात्रभर, निदान अर्धा दिवस तरी लावून ठेवायचं. पोटभर करंट खाल्ला की मग कुठंही न्या. माळ्यावर न्या, जिन्यावर न्या."

"अर्धा दिवस?" हौसाबाईने विचारलं.

"हो मामी. भूक असते ना त्याला."

हौसाबाईने अत्तराची बाटली उचलून ठेवली. पण जावयाने ही भूक आपल्या मीटरवर का आणून बांधली असेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला.

पहिली गंमत ही झाली की बैठकीच्या वायरीला चपट्या पायांची पिन होती आणि इथल्या भिंतीला गोल भोकं. ती बदलायला साधा स्क्रू ड्रायव्हर लागला. तो शेजारच्या जनाबाईकडून आणावा लागला. "नवा आणलाय ना तुमच्या जावयानं?" जनाबाई म्हणाली. "आणि जुना आमचा?"

पण एकदा मशीन भरलं आणि दौलत बदलला. जन्मात ज्याने घरात खिळा ठोकला नव्हता, तो सकाळी अंघोळ झाली की मशीन हातात घेऊन भिंतींकडे बघत फिरू लागला. कपाटाचं दार किती वर्षं खाली घासत होतं, ते त्याने वर घेतलं. कुकरची डुगडुगणारी मूठ, कढईचा कान, शिलाई मशीनचा पाट, पंख्याचा रेग्युलेटर, मोरीच्या दाराची कडी. ज्या स्क्रूपर्यंत हात पोचायला माणूस वाकडा व्हायचा आणि मनगट भरून यायचं, तिथे हे चिमुकलं मशीन घुर्र करून काम उरकायचं. सुरुवातीला त्याला अंदाज नव्हता. स्विचबोर्डचं प्लास्टिकचं झाकण त्याने एवढं आवळलं की ते मधोमध तडकलं. साबणदाणीचं तसंच झालं. मग हात बसला. चाळीतून बोलावणी येऊ लागली. "दौलतभाऊजी, आमच्या ट्यूबलाइटची पट्टी लोंबतेय." दौलत खिशात मशीन घालून जाई, चहा पिऊन येई. दारात उभा राहून वेळ सांगणं बंद झालं.

हौसाबाईचं लक्ष मात्र बैठकीवर होतं. ती तिला चुलीसारखी वाटे. लाल दिवा पेटलेला, हात लावला तर कोमट, आणि कान लावला तर आत बारीक गुणगुण. माणूस झोपलाय आणि ही भिंतीला चिकटून खातेय. एकदा दौलत बाहेर पडल्यावर तिने तडकलेल्या बोर्डावरचं बटण बंद केलं. दिवा विझला. तिच्या जिवाला गार वाटलं. त्याची चप्पल पायरीवर वाजली की तिने बटण पुन्हा चालू केलं. तो आत आला तेव्हा लाल दिवा आपल्या जागी पेटलेला होता.

ते मग रोजचंच झालं. तो बाहेर पडला किंवा झोपला की बंद, पायरी वाजली किंवा पहाट झाली की चालू. मशीन आठ दिवसांत मलूल झालं. अर्धा स्क्रू फिरवून कण्हायचं आणि थांबायचं.

"बॅटरी बसली की काय?" दौलत मशीन कानाशी हलवून म्हणाला.

"फॉरेनचा माल," हौसाबाई कणीक मळता मळता म्हणाली. "दिसायला तेवढा."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मशीन बैठकीवर ठेवलं.

संक्रांत झाली आणि एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. बैठक घरात असली की ती बटण बंद करत होती. एकही दिवस चुकवला नव्हता. आणि मशीन धावत होतं. पहिल्यापेक्षा जास्त धावत होतं. दौलतने समोरच्या खोलीतलं अख्खं लोखंडी कपाट खोलून पुन्हा बसवलं तरी त्याचा आवाज खाली आला नाही.

हौसाबाई चक्रावली. विचारायची सोय नव्हती. "मी बंद करते तरी हे चालतं कसं," हे विचारायचं म्हणजे आपलंच सांगायचं. मग ती बघू लागली. दौलत सकाळी कापडी पिशवीतून मशीन आणि बैठक, दोन्ही घेऊन जायचा. काम आहे म्हणायचा. जेवायला यायचा तो रिकाम्या हाताने. दुपारी पुन्हा जायचा आणि दिवेलागणीला पिशवी घेऊन परत यायचा. मशीन ताजंतवानं. म्हणजे घरी उपाशी ठेवलेलं हे कुठेतरी पोटभर जेवून येत होतं.

हा विचार मनात आला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला. घरी न जेवता भरल्या पोटाने परत येणारं तिने आयुष्यात एकदा बघितलं होतं.

त्या संध्याकाळी दौलत पाय धुवायला मोरीत गेला तशी तिने पिशवीतून मशीन काढलं आणि मूठ नाकाशी नेली. कोलंबीचा वास. जरासा, पण ओळखू न येण्यासारखा नाही. माळेआधी तिने इतकी वर्षं कोलंबी सोलली होती.

"कुणाकडं गेलेलात?" तिने जेवताना विचारलं.

"इथंच. पलीकडं."

"पलीकडं म्हणजे?"

"अगं, कामं असतात लोकांची." दौलतने भात कालवला. "आमटी छान झालीय."

आमटी रोजचीच होती. हौसाबाईने ते लक्षात ठेवलं.

जनाबाई दुसऱ्या दिवशी गॅलरीत कपडे पिळता पिळता म्हणाली, "आवडाबाईचा फ्रीज फारच बिघडलाय वाटतं गं हौसाबाई."

"का बरं?"

"नाही, तुमचे हे रोज दुरुस्तीला जातात म्हणून म्हटलं. नवीनच तर आहे फ्रीज." आणि तिने साडीचा पिळा असा झटकला की पाणी हौसाबाईच्या पायावर उडालं.

म्हणजे गल्लीला माहीत होतं. विहिरीवरच्या बायकांनी उचललेल्या घागरी हौसाबाईला दिसल्या.

आवडाबाई चाळीच्या मागच्या बाजूला, खाडीकाठच्या जुन्या वस्तीत राहायची. कोळीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा होडीवर असायचा. सकाळी बाजारात मासळी विकायची, उरलेली घरी आणून फ्रीजमध्ये ठेवायची. अंगाने भरलेली, हसली की गल्लीच्या या टोकाला ऐकू यायची. विधवा असून हातात सोन्याच्या बांगड्या घालायची, हेही हौसाबाईच्या मनात आधीपासून होतं.

हौसाबाईने घाई केली नाही. तिने दोन चांगल्या साड्या, आईचा एकुलता फोटो आणि पोथी एका पिशवीत घातली आणि ती दाराआड ठेवली. ठरलं ते असं. दुपारी आपल्या डोळ्यांनी बघायचं. दिसलं तर आपल्या हाताने त्याच्या गळ्यातली माळ काढायची, त्या बाईच्या देखत, आणि दाराआडची पिशवी उचलून डोंबिवलीला मालूकडे निघून जायचं. परत यायचं नाही. आईसारखं डबा उघडून बघत बसायचं नाही.

दुपारी दौलत जेवला, पाच मिनिटं पेपर बघितला आणि उठला. "आलोच," म्हणाला. हौसाबाईने त्याला गल्ली ओलांडू दिली. मग तिने बटणं बंद केली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. या वेळी मात्र ती मध्येच परत फिरली नाही.

आवडाबाईचं दार सताड उघडं होतं. हे हौसाबाईला आधी पटलंच नाही. ज्याला लपवायचं तो दार लावतो, पण जो फार हुशार तो उघडं ठेवतो, असं तिने मनात म्हटलं आणि उंबऱ्यावर पाऊल ठेवलं.

आवडाबाई जमिनीवर पाट टाकून, मोठ्या परातीत कोलंबी सोलत बसली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीला जवळजवळ चिकटून, दौलत बसला होता. समोर उलटं घातलेलं स्टूल. आणि तोंडावर, नाकासकट, पंचरंगी रुमाल घट्ट बांधलेला, सिनेमातल्या दरोडेखोरासारखा.

"तोंड लपवून बसलात?" हौसाबाई म्हणाली.

दौलतचे डोळे रुमालाच्या वर मोठे झाले. "तू कशी आलीस?"

"पायांनी. माळ काढा."

"काय?"

"गळ्यातली माळ काढा म्हणते. तुम्ही काढत नसाल तर मी काढते. मासळी खायची, दुपारभर दुसऱ्याच्या घरात बसायचं, ते माळ घालून नको."

आवडाबाईचा हात थांबला. तिने हौसाबाईकडे बघितलं, दौलतकडे बघितलं. हौसाबाईला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "यो आनि म्हावरा खातंय? वास येतो म्हनून नाकाला फडका बांधतो, माझी मासळी नासली असल्यासारखा. माना रोज राग येतो बघून."

"मग मशीनला कोलंबीचा वास कुठनं येतो?"

"माझे हाताचा. फ्रीजवर ठेवते ना मी उचलून."

हौसाबाईने वर बघितलं. पांढऱ्या उंच फ्रीजच्या डोक्यावर, प्लास्टिकच्या फुलदाणीशेजारी, मशीन आपल्या बैठकीवर उभं होतं. लाल दिवा पेटलेला. अगदी घरच्यासारखा.

"का?" ती म्हणाली. "आपल्या घरी प्लग नाही?"

शब्द बाहेर पडले आणि तेव्हाच तिला कळलं की हे आपण विचारायला नको होतं.

दौलतने रुमाल खाली ओढून हनुवटीवर आणला. "प्लग आहे. बटणपण आहे," तो म्हणाला. "मी पायरीवर आलो की चालू होतं."

खोलीत फ्रीज गुरगुरला आणि थांबला.

"आमचा बटन कदी बंद होत नाय," आवडाबाई म्हणाली. "बंद झाला तर म्हावरा कुजंल. म्हनून इतं लावतो. बदल्यात माझा काय काय नीट करून देतो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" हौसाबाईने नवऱ्याला विचारलं.

"दिवाळीपासून. तडकलेल्या बोर्डाचं झाकण मीच बसवलं, ते बटण दाबलं की करकर वाजतं. बाहेर ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मी नाही. मग मशीन माळ्यावर गेलं असतं." दौलतने स्टुलाचा पाय उगीच हलवून बघितला. "आणि मग मी दिवसभर काय केलं असतं, हौसा?"

राग होता तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. "तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली.

"आणि तू?"

"दोघंव सारखी," आवडाबाई म्हणाली आणि परात पुढे ओढली. "घरी जाऊन भांडा. माना ही सोलायचीय."

हौसाबाईने हात उंच करून बैठकीसकट मशीन उतरवलं, प्लग उपटला.

"भरला नाय अजून," आवडाबाईने सांगितलं.

"घरी भरेल."

ती पुढे आणि दौलत मागे, असे ते गल्लीतून आले. जनाबाई गॅलरीत होतीच. "झाला का फ्रीज दुरुस्त?"

"झाला," हौसाबाई वर न बघता म्हणाली. "तुमच्याकडचं काय सैल झालंय ते सांगा. मी येते आवळायला."

दौलतने घराचं कुलूप उघडलं. दाराआडची पिशवी त्याच्या पायाला लागून कलंडली आणि पोथी बाहेर आली, तिच्यामागून फोटो. त्याने दोन्ही उचलून आत ठेवलं, साड्या बघितल्या.

"कुठं निघालेलीस?"

"कुठं नाही. ऊन दाखवायला काढलेल्या."

फोटोला कशाला ऊन, हे त्याने विचारलं नाही.

त्या दिवसापासून बैठक हौसाबाईच्या देवघराशेजारी आली. बटणावर दौलतने एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवून टाकली, म्हणजे ते बंद होऊच नये. हौसाबाई अधूनमधून बैठकीवर तळहात ठेवून ती किती तापलीय बघे. इतर बटणं ती पूर्वीसारखीच बंद करी.

तिने अटही घातली. यापुढे बायकांच्या घरात दौलतने जायचं नाही. मशीन जाईल, ती घेऊन जाईल. दौलत हसला, पण आठवडाभरात त्याला कळलं की ती खरंच बोलत होती. तिने त्याच्या हाताकडे इतके महिने डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं की शिकवायचं काही राहिलं नव्हतं. जनाबाईच्या कुकरची मूठ तिने पहिल्या फटक्यात आवळली, झाकण न तडकवता. बायकांनाही ते सोयीचं झालं. पुरुषमाणूस आला की पदर सावरा, पसारा झाका, चहा टाका. हौसाबाई आली की आतल्या खोलीतही चालायची. गिरणीवाल्याच्या सुनेच्या ट्रंकेची बिजागरी, पाळण्याचा आकडा, कपाटाचा आरसा. कुणाच्या डब्यात डाळ संपत आलीय, कुणी नवा मिक्सर गादीखाली लपवलाय, कुणाच्या घरात दोन बिछाने वेगवेगळ्या भिंतींना आहेत, हे सगळं तिला स्क्रू फिरवता फिरवता दिसू लागलं. बघायला मिळावं म्हणून तिने जन्मभर खिडक्या झिजवल्या होत्या. आता लोक स्वतःहून दार उघडत होते. दौलत सार्वजनिक वाचनालयात पेपर लावायला जाऊ लागला होता. तिथल्या खुर्च्या त्याने पक्क्या करून दिल्या होत्या.

आवडाबाईकडे ती गेली ती उन्हाळ्यात. फ्रीजच्या दाराचा दांडा सैल झाल्याचा निरोप आला होता. हौसाबाई दांड्यासाठी गेली नव्हती. एकदा नीट बघून यायचं होतं, कुणी बरोबर नसताना.

दांडा दोन मिनिटांत बसला. ती उठणार, तेवढ्यात आवडाबाईने दोरीवरचं काहीतरी ओढून तिच्यापुढे धरलं. पंचरंगी रुमाल.

"दादाचा राहिलेला," ती म्हणाली. "धुतलाय मी."

हौसाबाईने तो घेतला. लख्ख होता, घडी घातलेला. साबणाचा वास येत होता. तिच्या कानात दुसरीच बाई बोलली, छत्री पुढे करून. ती आवडाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. आवडाबाई कपाळावरचा घाम पुसत होती. त्या तोंडावर काही नव्हतं. पण तोंडावर काही नसणं म्हणजे काय, हे हौसाबाईला कोण सांगणार होतं.

"काय बघतंस?"

"काही नाही. पाणी दे."

पाण्याबरोबर आवडाबाईने ताटलीत कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरीही आणून ठेवली. "तुझे गल्यात माल नाय. खा."

हौसाबाईने नको म्हणायचं ठरवलं होतं. पण उठून गेलं तर बघणं संपतं, आणि तिचं बघून झालं नव्हतं. ती बसली. पहिला घास तिने अंदाज घेतल्यासारखा घेतला. दुसऱ्याला तिचे डोळे भरून आले. तिखट होतं, पण तेवढ्याने नाही. माळ दौलतने घातली होती आणि जीभ तिने बांधून ठेवली होती, इतकी वर्षं, कुणी मागितलं नसताना. तिने ताटली पुसून खाल्ली.

त्यानंतर आवडाबाईकडचं काही ना काही दर आठवड्याला सैल होऊ लागलं. कधी खिडकीची कडी, कधी तराजूचा काटा. बाई मनाने कशी आहे याची अजून खात्री झालेली नाही, असं हौसाबाई स्वतःला सांगे आणि मशीन घेऊन निघे. येताना आवडाबाईच्या मोरीत ती हात राखेने आणि साबणाने चोळून धुई. चूळ भरून बडीशेप खाई. मशीनची मूठही ओल्या फडक्याला साबण लावून पुसून काढी.

एका संध्याकाळी दौलत वाचनालयातून लवकर आला. मशीन बैठकीवर होतं. त्याला खुर्चीसाठी हवं होतं, म्हणून त्याने ते उचललं, आणि उचलून तसाच उभा राहिला. हिरवट मूठ नव्यासारखी चकाकत होती. त्याने ती हळूच नाकाशी नेली.

"पुसून ठेवलंस?" त्याने विचारलं.

"हो. धूळ बसलेली." हौसाबाईने ताट वाढायला घेतलं.

"कुणाकडं गेलेलीस?"

"इथंच. पलीकडं."

दौलत पाटावर बसला. मशीन त्याने बैठकीवर परत ठेवलं नव्हतं, मांडीवर ठेवलं होतं. ती आमटी वाढत असताना तो तिच्या हातांकडे बघत होता.